तळ दिसत नव्हता

घाटकोपरच्या एका क्लबात मी बरीच वर्षं पोहायला शिकवत होते. बायकांची बॅच माझी. सकाळची ऑफिसवाली मंडळी पोहून, आंघोळ करून निघून गेली की आमचा तास. त्या वेळेत पुरुषांना आत येऊ देत नसत, त्यामुळे बायका मोकळ्या असायच्या. मोठ्याने हसायच्या, सुनांबद्दल बोलायच्या, पाठीवर तरंगत डोळे मिटून पडायच्या. घरात असं स्वस्थ पडायला मिळत नाही, असं त्यातली एक नेहमी म्हणायची.

ताई या बॅचला आल्या तेव्हा त्यांची साठी जवळ आली होती. राहायच्या विक्रोळीला. यजमान तिथल्याच एका जुन्या कारखान्यात होते, नुकतेच रिटायर झालेले. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलं, म्हणून आल्या. माहेर मालवणकडचं. मी सहज म्हटलं, मग पोहता येत असेल ना लहानपणापासून? तर म्हणाल्या, "कसलं गो! बायकांनी घोट्याच्या वर पाय भिजवायचा नाय, हो आमच्या घरातलो कायदो. समुद्र दारात आणि मी कोरडी ती कोरडीच."

पहिले काही दिवस त्यांनी कठड्याचा दांडा सोडला नाही. दांडा धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायच्या आणि तेवढ्यावर खूष असायच्या. मीही घाई केली नाही. मग एक दिवस कॉलेजात शिकणारी एक मुलगी त्यांच्या शेजारून सुळकन गेली. बॅचमधली सगळ्यात चांगली पोहणारी ती. ताई तिच्याकडे बघत राहिल्या आणि मला म्हणाल्या, "मॅडम, मला पण शिकवा. नुसतं चालून काय करू?"

त्या शिकल्या. वेळ लागला. नाकातोंडात पाणी जायचं, ठसका लागायचा, डोळे लाल व्हायचे, पण दुसऱ्या दिवशी परत हजर. उथळ भागात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत त्या एकट्या, न थांबता पोहल्या, त्या दिवशी सगळ्या बॅचने टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांसाठी घावणे आणि नारळाची चटणी आणली. आम्ही कपडे बदलायच्या खोलीत ओल्या केसांनी, बाकावर दाटीवाटीने बसून खाल्ले. ती कॉलेजवाली मुलगी त्यांना "स्वीमर" म्हणून हाक मारायला लागली. ताई लाजायच्या, पण त्यांना ते आवडायचं, हे लपायचं नाही.

आता पाण्याबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

तलावाचं पाणी रोज बदलत नाहीत. तेच पाणी पंपाने ओढून वाळूच्या फिल्टरमधून गाळतात आणि परत सोडतात, दिवसभर हे चालू असतं. त्यात जंतू मरावेत म्हणून क्लोरीन घालतात. म्हणजे दोन वेगळी कामं आहेत. क्लोरीन पाणी निर्जंतुक करतं. नितळ करतं ते गाळणं. एक काम झालं म्हणून दुसरं झालं असं होत नाही. लोकांना हे माहीत नसतं, आणि माहीत असायचं कारणही नाही. पण तलाव चालवणाऱ्यांना माहीत असायला हवं.

त्या वर्षी मे महिन्यात क्लबात नुसती जत्रा होती. शाळांना सुट्टी, बाहेर आग ओकणारं ऊन, मुलांच्या शिबिराच्या एकामागोमाग एक बॅचेस. डोक्याचं तेल, अंगाचा घाम, गोरं राहायची क्रीमं, सगळं त्या पाण्यात. आणि नेमकी तेव्हाच दोन पंपांपैकी एकाची मोटार जळली. ती दुरुस्तीला गेली ती गेलीच. फिल्टरमधली वाळू बदलायची होती, तीही "सुट्टी संपली की बघू" यावर अडकली होती. उथळ आणि खोल भागाच्या मध्ये तरंगती दोरी असते, तिचं एका बाजूचं हूक भिंतीतून निखळलं होतं. दोरी गुंडाळून पंपरूमच्या दाराशी ठेवलेली.

पाणी आधी निळं होतं ते हिरवट झालं. मग पांढुरकं. मग तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं दिसायला लागलं. पंपावरचा माणूस कंत्राटदाराकडून आलेला होता, सावंतवाडीकडचा, अबोल. त्याने त्याला जमेल ते केलं. रात्री तुरटी घालायचा, म्हणजे गाळ खाली बसेल. बसायचाही. पण सकाळी पहिली बॅच उतरली की सगळा गाळ ढवळून वर. क्लोरीनची पावडर जास्त घातली तर पाणी आणखीच पांढरं व्हायचं आणि बायकांचे डोळे चुरचुरायचे. तो मला म्हणाला, "मॅडम, एका पंपावर एवढी माणसं नाय झेपत. पण माझं कोण ऐकतंय?" खरं तर त्याने कुणाला फार सांगितलंही नव्हतं. कंत्राटदार काढून टाकेल ही भीती.

मी सेक्रेटरीसाहेबांकडे गेले. चांगल्या घरातला, शिकलेला माणूस. माझ्याशी कधी आवाज चढवून बोलला नाही, त्या दिवशीही नाही.

"सर, तलाव बंद करायला लागेल. तळ दिसत नाहीये."

"क्लोरीन चेक केलं का?"

"क्लोरीन बरोबर आहे. प्रश्न तो नाहीये. खाली माणूस असला तर दिसणार नाही."

ते हसले. "अहो मॅडम, खाली कशाला माणूस असेल?" मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे बघा, पाणी सेफ आहे. जरासं गढूळ दिसतंय, मान्य. भर सुट्टीत बंद केलं तर पालक माझ्या डोक्यावर बसतील. मोटार एक-दोन दिवसांत येतेय. आपण बोर्ड लावू."

"मग मी बॅच घेत नाही."

"नका घेऊ. संध्याकाळच्या कोचना सांगतो, त्या घेतील. बायका तर उतरणारच ना?"

तो बोर्ड लागला. पाणी किंचित गढूळ आहे, सुरक्षित आहे, सहकार्याबद्दल धन्यवाद. संध्याकाळची कोच नवखी होती, माझ्या बायकांपैकी कोण किती पोहतं हे तिला ठाऊक नव्हतं. म्हणून बॅच मीच घेतली. सगळ्यांना उभं करून सांगितलं की आज कुणी उथळ भागाच्या पुढे जायचं नाही. एरवी खूण सोपी होती. जिथून जमीन खोल उतरत जाते तिथे तळाला लाल फरशांची एक पट्टी आहे, ती दिसली की मागे वळायचं. त्या दिवशी पट्टी दिसत नव्हती. मी वर काठावर एका खुर्चीला लाल टॉवेल बांधला आणि म्हटलं, या खुर्चीच्या रेषेत आलात की थांबा.

पण पोहताना माणूस काठाकडे बघत नाही. तोंड पाण्यात असतं.

मी एका नव्या बाईला श्वास सोडायला शिकवत होते, तिच्या पोटाखाली हात धरून. लाइफगार्ड तिच्या उंच खुर्चीवर होती. हे मी पोलिसांना सांगितलं, कमिटीला सांगितलं आणि इथेही सांगते. ती झोपलेली नव्हती, फोनवर नव्हती. ती पाण्याकडेच बघत होती. पांढऱ्या पाण्याकडे.

तास संपला, शिटी वाजवली. बायका वर आल्या. मी नेहमीसारखी डोकी मोजली, एक कमी. ताई बसच्या घाईत कधीकधी लवकर निघायच्या, म्हणून एकीला कपडे बदलायच्या खोलीत बघायला पाठवलं. ती परत आली ती नुसती मान हलवत. "साडी खुंटीलाच आहे, मॅडम."

मी उडी मारली. डोळे उघडून काही उपयोग नव्हता, माझा स्वतःचा हात कोपरापुढे दिसत नव्हता. मी तळ हाताने चाचपडत निघाले, आंधळी माणसं भिंत चाचपडतात तशी. नुसत्या फरशा लागत होत्या, गुळगुळीत, बुळबुळीत. वर येऊन श्वास घ्यायचा, परत खाली. लाइफगार्डनेही उडी घेतली होती. दोनदा आम्हीच एकमेकींना धडकलो, आणि दोन्ही वेळा मला वाटलं, सापडल्या.

सापडल्या त्या कॉलेजवाल्या मुलीला. तीही न सांगता उतरली होती. उतार जिथे सुरू होतो त्याच्या थोडंसं पलीकडे ती उभी राहायला गेली आणि किंचाळली. "मॅडम! माझ्या पायाखाली..."

पुढचं पटापट सांगते. वर काढलं, छाती दाबली, तोंडाने श्वास दिला. ॲम्ब्युलन्सची वाट न बघता कुणाच्या तरी गाडीत घातलं. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी बघितलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "तुम्ही नातेवाईक का?" मी अजून ओल्या कॉस्च्यूममध्ये होते, वरून कुणाचा तरी दुपट्टा गुंडाळलेला. त्यांच्या यजमानांना फोन मी केला. काय शब्द वापरले ते आठवत नाही. पलीकडून ते एवढंच म्हणाले, "अहो, पण ती तर उथळ पाण्यात असते."

त्याच संध्याकाळी पोलिसांनी पंपावरच्या माणसाला उचललं. सगळ्यात आधी तोच हाताशी होता. नंतर त्याला जामीन मिळाला, पण नोकरी गेली आणि तो गावी निघून गेला. आमची चौकशी झाली, जबाब झाले. कमिटीतला एकजण माझ्या समोरच दुसऱ्याला म्हणाला, "कोच काय करत होती पण?"

आणि मग तलाव दुरुस्त झाला. जी मोटार इतके दिवस येत नव्हती ती आली. वाळू बदलली. दोरीचं हूक नव्याने ठोकलं. दोन्ही पंप रात्रंदिवस चालले, आणि थोड्याच दिवसांत पाणी असं झालं की काठावरून तळाची फरशी न् फरशी मोजून घ्यावी.

ताईंचं दिवसकार्य उरकल्यावर त्यांचे यजमान क्लबात आले. बरोबर मुलगी होती. त्यांना जागा बघायची होती. सेक्रेटरीसाहेबांनी मलाही बोलावून घेतलं होतं. आम्ही काठावर उभे राहिलो. तलाव तेव्हा बंदच होता, पाणी हलत नव्हतं. खालची लाल पट्टी काचेतून दिसावी तशी दिसत होती.

ते बराच वेळ बघत राहिले. मग माझ्याकडे वळले.

"इथे पडली होती?"

"तिथे, पट्टीच्या थोडं पुढे."

"एवढं स्वच्छ पाणी," ते म्हणाले. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "सुई पडली तरी दिसेल. आणि तुम्हा सगळ्यांना माझी बायको दिसली नाही?"

"काका, त्या दिवशी पाणी असं नव्हतं."

त्यांनी सेक्रेटरीसाहेबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "उन्हाळ्यात जरा इकडे-तिकडे होतं. पण क्लोरीन व्यवस्थित होतं, तसा रिपोर्ट आहे."

मुलगी वडिलांना म्हणाली, "चला बाबा." जाताना तिने एकदा वळून माझ्याकडे पाहिलं. मी नुसती म्हणत होते की पाणी गढूळ होतं, आणि समोर पाणी काचेसारखं होतं.

बॅचच्या बायकांना मी फोन केले. पोलिसांकडे जाऊन पाणी कसं होतं तेवढं सांगा, म्हटलं. बहुतेकींनी "घरचे नको म्हणतात" असं सांगितलं. एकीने सांगितलं की तिला काही नीट आठवत नाही. एक सरळच बोलली, तिचा नवरा क्लबाचा जुना मेंबर आहे, तिला यात ओढू नका. मी रागावले नाही असं नाही. खूप रागावले. घावणे खाताना या सगळ्या होत्या.

त्या कॉलेजवाल्या मुलीचा फोन तिच्या आईनेच उचलला. "ती अजून झोपेत दचकते. पाय झाडते. तिला पोलीस-बिलीस नकोय." मी बरं म्हणून ठेवून दिला. दोन दिवसांनी ती मुलगी स्वतःच माझ्या मुलुंडच्या घरी आली. आईला न सांगता.

"मला त्यांच्या घरी जायचंय," म्हणाली. "तुम्ही येता का?"

आम्ही गेलो. विक्रोळीला त्यांची दोन खोल्यांची जागा, दाराला तोरण सुकून गेलेलं, आत ताईंचा फोटो. फोटो कुठल्यातरी लग्नातला होता, भरजरी साडीतला. त्यात त्या मला अनोळखीच वाटल्या, मी त्यांना नेहमी पोहायच्या टोपी-चष्म्यातच पाहिलेलं. काकांनी आम्हाला बसा म्हटलं नाही, पण दारही लावलं नाही.

कॉलेजवाली मुलगी उभ्यानेच बोलायला लागली. "काका, त्या मला सापडल्या. मला दिसल्या नाहीत. माझा पाय लागला त्यांना." तिचं तोंड वेडंवाकडं झालं, पण ती थांबली नाही. "मी आधी उथळात उभी होते ना, तेव्हाही मला माझे पाय दिसत नव्हते. कमरेच्या खाली काही म्हणजे काहीच दिसत नव्हतं. मॅडम आम्हाला सगळ्यांना सांगत होत्या पुढे जाऊ नका. पण पुढे म्हणजे कुठे, ते पाण्यात कळत नव्हतं."

काका खाली बसले. खुर्ची होती, पण ते पलंगाच्या कडेवर बसले. ताईंच्या मुलीने आतून पाणी आणलं, ते कुणीच प्यायलं नाही.

मग त्यांनी मला विचारलं, "तिला कळलं असेल का हो? की काठ कुठल्या बाजूला आहे?"

मला खोटं बोलता आलं असतं. चक्कर आली असेल, लगेच शुद्ध गेली असेल, असं काहीतरी. डॉक्टरही तसंच सांगतात.

"माहीत नाही, काका," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. "तिला बिचारीला वाटलं असेल, उभी राहते. पायाखाली जमीन असेल." एवढं बोलून ते रडायला लागले. त्यांची मुलगी त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली, आणि आम्ही दोघी दाराशी, चपला हातात घेऊन, निघावं की थांबावं न कळून.

दुसऱ्या दिवशी ते पोलीस स्टेशनला गेले आणि जबाब पुन्हा नोंदवून घ्या म्हणाले. कॉलेजवाल्या मुलीनेही जबाब दिला. तिच्या घरी त्यावरून मोठं भांडण झालं, हे मला नंतर कळलं. त्या दोन जबाबांमुळे सेक्रेटरीसाहेबांचं आणि कंत्राटदाराचं नाव केसमध्ये आलं. आलं, एवढंच. केस अजून चालू आहे. कधी वकील नसतो, कधी कागद नसतो, कधी कोर्टालाच सुट्टी असते. सेक्रेटरीसाहेबांनी पद सोडलं, पण कमिटीवर आहेत. क्लबही चालू आहे, बायकांची बॅचही. नव्या बायकांना काही माहीत नसेल. मला "तुम्हालाच इथे त्रास होईल" असं गोड बोलून जायला सांगितलं. मी गेले. आता बोरिवलीच्या एका सोसायटीत शिकवते. लहान तलाव आहे, मुलंच जास्त. पाणी थोडंसं धुरकट दिसलं तरी मी शिटी वाजवून सगळ्यांना बाहेर काढते. आया वैतागतात, चेअरमनला फोन करतात. एकीने मला तोंडावर वेडी म्हटलं.

कॉलेजवाली मुलगी आता पोहत नाही. नोकरीला लागली आहे, अंधेरीला. दिवाळीला मेसेज करते.

काका प्रत्येक तारखेनंतर फोन करतात. "पुढची पडली," म्हणतात, मी बरं म्हणते, आणि आम्ही थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलतो. गुडघे आता त्यांचे दुखतात. मागच्या खेपेला ते जरा घुटमळले आणि म्हणाले, "नातवाला पोहायला घालायचं म्हणतेय मुलगी. मी नको म्हणालो. ती म्हणते, पोहता यायलाच हवं. तर... पाणी चांगलं आहे की नाही, ते आपल्यासारख्याला बघून कळतं का?"

मी म्हटलं, "कळतं. खोल बाजूला जाऊन काठावर उभं राहायचं. खाली तळाला पाणी जायची जाळी असते. तिची भोकं स्वच्छ दिसली पाहिजेत. नाही दिसली तर मुलाला घेऊन सरळ घरी यायचं. कुणी काहीही सांगू दे, क्लोरीन असं आहे न् तसं आहे. ऐकायचं नाही."

"जाळीची भोकं."

"हो."

"बस? एवढंच बघायचं असतं?"

"एवढंच, काका."

मागे टीव्हीचा आवाज येत होता, कुणीतरी तो बंद केला. मग ते "बरं, ठेवतो" म्हणाले.

नातवाला घातलं की नाही, मी अजून विचारलेलं नाही.